शेवईनं मोठ्यानं वाचलं

भुलीचं इंजेक्शन नको, असं सारिका देवकुळेनं ठासून सांगितलं तेव्हा डॉक्टर उत्तूरकर बाईंना वाटलं, बाई धीराची आहे. धीराची ती होतीच. पण इंजेक्शन नको म्हणण्याचं कारण ते नव्हतं. तिला आपल्या जिभेचा भरवसा नव्हता.

हे भय घातलं होतं शेजारच्या नंदावहिनींनी. सहा वर्षांपूर्वी वहिनींच्या पोटाची दुर्बीण झाली ती जुन्या पद्धतीची, तोंडातून जाड नळी घालून. अर्धवट गुंगीत वहिनी बोलत सुटल्या आणि नणंदेच्या लग्नात हरवलेली कर्णफुलं नेमकी कुठल्या डब्यात आहेत, ते दोन नर्सबाई आणि खुद्द नणंद यांच्यासमोर सांगून मोकळ्या झाल्या. नणंद त्यानंतर त्यांचा उंबरा चढली नाही. सारिकाजवळ लपवायला कर्णफुलांपेक्षा बरंच मोठं काही होतं आणि त्याला चौदा वर्षं झाली होती.

वर्षभर तिच्या छातीत जळजळत होतं. जेवण झालं की तासाभरानं आग उठे, वर येई, घशाशी थांबे. गोळ्या झाल्या, थंड दूध झालं, शेवटी दुर्बिणीवर आलं. पण आता दुर्बीण पूर्वीची राहिली नव्हती. नळी इतकी बारीक झाली होती की गावात तिला सगळे शेवईच म्हणायचे. नाकात फवारा मारायचा, दहा मिनिटांत नाक-घसा बधिर, मग खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाच्या नाकपुडीतून शेवई आत. माणूस पूर्ण जागा. बोलू शकतो, समोरच्या पडद्यावर आपलंच पोट बघू शकतो, आणि तपासणी झाली की रिक्षा करून घरी जाऊ शकतो. सारिकाला हे फार पसंत पडलं. जागं राहायचं, तोंड मिटायचं, घरी यायचं.

सोबत नवरा होता. हेमंत देवकुळे, हायस्कुलात भूगोलाचे शिक्षक, सगळ्या तालुक्याचे 'सर'. पण सरांची खरी ख्याती भूगोलाची नव्हती. सर एके काळी सकाळच्या तासाला झोकांड्या खात यायचे, आणि त्याच सरांनी एका दिवसात दारू सोडली होती. कुठल्या केंद्रात न जाता, कुणाची गोळी न घेता. तेव्हापासून तालुक्यात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम म्हटला की सर. घरात रोज सकाळी पहिल्या चहाबरोबर ते मोठ्यानं आकडा सांगत. आजचाही सांगून झाला होता. "पाच हजार एकशे एकोणचाळीस."

सारिका रोज म्हणायची, "वा." आणि आमटीला फोडणी द्यायला वळायची.

फॉर्म सरांनीच भरला. ते कुठलाही फॉर्म दुसऱ्याला भरू देत नसत, अक्षराचा अभिमान होता. पानाच्या तळाशी एक चौकट होती: 'निष्कर्ष नातेवाइकांसमोर मोठ्याने सांगावेत काय?' हा नवा नियम होता. रुग्ण जागा असतो, तर त्याच्या पोटात काय दिसलं ते त्याला तिथल्या तिथे, त्याच्या भाषेत कळलंच पाहिजे, म्हणून यंत्राला बोलकं केलं होतं. हवं तर फक्त रुग्णाच्या कानात बोले, हवं तर खोलीभर.

नर्सबाई म्हणाल्या, "सर, बहुतेक लोक कानातच मागतात."

"बहुतेक लोकांच्या घरी लपवाछपवी असते," सर म्हणाले आणि 'होय'वर ठसठशीत खूण केली. "आमच्याकडे तसं काही नाही. काय गं?"

सारिकाचं नाक तोवर बधिर झालं होतं. तिनं मान हलवली. पोटच बघणार आहेत, मन थोडंच बघणार आहेत, असा तिचा हिशेब.

शेवई आत गेली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, एक शिंक अर्ध्यात अडकली, आणि मग काहीच नाही. पडद्यावर गुलाबी, ओला बोगदा सरकत होता.

"हे तुमचं अन्ननलिकेचं टोक, ताई. इथे थोडी लाली आहे. घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आता यंत्र वाचायला लागेल."

"वाचणार म्हणजे?" सारिकानं विचारलं. आवाज नाकातून आला, तिचा तिलाच परका वाटला.

डॉक्टर बाईंना शिकवायची हौस होती आणि समोर सर बसलेले. त्या दोघांकडे बघून सांगू लागल्या. पोटाचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी झडतं आणि नवं येतं, त्यामुळे वरवर बघून काल-परवाचंच कळतं. पण अस्तरात बारीक बारीक विहिरी असतात आणि त्यांच्या तळाशी मूळपेशी असतात. त्या झडत नाहीत. वरचं सगळं अस्तर त्यांच्यापासूनच पुन्हापुन्हा उगवतं. वर्षानुवर्षं रोज पोटात काही जात राहिलं, की या पेशींच्या गुणसूत्रांवर त्याच्या बारीक रासायनिक खुणा बसतात, एकावर एक. शेवईच्या टोकाशी जो दिवा आहे तो निरनिराळ्या रंगांचा प्रकाश त्या विहिरींत सोडतो, परत आलेल्या प्रकाशावरून खुणा ओळखतो आणि त्यांचा क्रम लावतो. "एका दिवशी खाल्लेली भजी नाही सापडत, सर. पण रोजचं, सवयीचं, ते सापडतं. तळापासून वाचत वर येतं. आधी जुनं, मग नवं."

"म्हणजे खडकांच्या थरांसारखं," सर खुशीत म्हणाले. "भूगोलच झाला की."

सारिकाला फॉर्मवरची ती खूण आठवली.

यंत्राचा आवाज बाईचा होता, शांत, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. "सुमारे वीस वर्षांपूर्वीपासून: तिखट, चहा, मध्यम प्रमाणात. तंबाखू नाही. मद्य नाही."

"शाबास," सर म्हणाले.

"सुमारे चौदा वर्षांपूर्वीपासून: डायसल्फिरम. रोज. कमी मात्रेत."

डॉक्टर बाई बोलायच्या थांबल्या. त्यांचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला, पण फॉर्मवरची ठसठशीत खूण पडद्याच्या कोपऱ्यात चमकत होती. घुटमळल्या.

"ते काय असतं?" सरांनी विचारलं.

"एक औषध आहे, सर. ताई, तुम्ही कधी..." बाईंनी सारिकाकडे बघितलं, मग सरांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "हे दारू सोडणाऱ्यांना देतात. हे पोटात असताना प्यायलं, तर अंग लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, माणूस जातोसुद्धा."

सरांना आधी हसू आलं. "माझी बायको? अहो, ती खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पिते!" हसता हसता त्यांनी सारिकाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यानं हसू जागीच गोठलं. "सारिका, तू पीत होतीस?"

नाकात नळी असलेल्या माणसाला मान हलवून नाही म्हणता येत नाही.

यंत्राला घरगुती अडचणी कळत नव्हत्या. ते पुढे वाचत गेलं. "या काळात दरवर्षी दोनदा खंड. एकदा मे महिन्यात, सुमारे पाच आठवडे. एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दरम्यान, सुमारे तीन आठवडे."

भूगोलाच्या मास्तरांना महिने कळतात. शिवाय माणूस आकडे मोजणारा. सर ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "मे. दिवाळी." आणि मग, "ईशानी."

त्यांची मुलगी ईशानी दहा वर्षांची असताना तिला मिरजेला मामाकडे शिकायला ठेवलं होतं, कारण घरात बाप प्यायचा. पुढे बाप सुधारला, पण तिची शाळा तिथेच जमली, मग कॉलेजही. घरी यायची ती मे महिन्यात आणि दिवाळीत. त्या दिवसांत घरातल्या आमटीत काही नसायचं.

सर उभे राहिले. सारिकाला दिसत होतं, त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक गोष्ट जातेय. स्वतःचं ताट स्वतःच वाढून घ्यायचा नियम त्यांनीच केला होता, स्वावलंबन म्हणून. त्यामुळे औषधाची पुडी त्यांच्या वाटीत घालायची सोय उरली नव्हती, ती पातेल्यातच पडायची. आणि आपण खातो ते बायको खात नाही हे सरांनी पहिल्या दिवशी टिपलं असतं, म्हणून तीही रोज तीच आमटी खायची. सुरुवातीची काही वर्षं सर म्हणत, 'आमटीला पितळेचा वास येतो गं.' मग ती दर दोन महिन्यांनी पातेल्याला कल्हई लावून आणायची. नऊ वर्षं एका निर्दोष पातेल्यावर आळ होता.

"तो पहिला दिवस," सर म्हणाले. आवाज फार खाली गेला होता. "दोन घोट घेतले, काळीज तोंडात आलं, ओकून ओकून जमिनीवर पडलो. आतून आवाज आला, हेमंत, पुरे. अडीचशे कार्यक्रमांत सांगितलंय मी. आतून आवाज आला म्हणून." ते थांबले. "आतूनच आला होता म्हणायचा."

"अहो, ऐका," सारिका नळीसकट बोलली, "तुम्ही मराल असं वाटलं होतं मला. दुसरं काही..."

"पाच हजार एकशे एकोणचाळीस," सर म्हणाले, "सगळे तुझे." आणि दार उघडून निघून गेले. आपटलं नाही, सरकवून नीट लावलं. तेच जास्त भयंकर होतं.

सारिकानं नळीला हात घातला. डॉक्टर बाईंनी मनगट धरलं. "ताई, वेड्या झालात का? आतून रक्त येईल. दोन मिनिटं फक्त."

"ते प्यायला गेलेत. मला माहीत आहे ते कुठे गेलेत. बाई, आज सकाळी आमटीत घातलंय मी! ते प्यायले तर मरतील!"

तिला समोर चौदा वर्षांपूर्वीचं दिसत होतं. लालबुंद तोंड, पांढरे डोळे, फरशीवर घासणाऱ्या टाचा. तेव्हा चाळिशी नुकती उलटली होती. आता सर छप्पन्न वर्षांचे. आणि ती खुर्चीत, नाकातून खिळलेली, आणि यंत्रातली ती शांत बाई अजून वाचतेच आहे.

"सुमारे पाच वर्षांपूर्वी: डायसल्फिरम बंद. खुणा पुन्हा आढळत नाहीत."

सारिकाचा हात सुटला.

"त्याच सुमारापासून: चुनखडी. रोज. आम्ल कमी होण्याच्या आणि उलटून वाढण्याच्या खुणा. सध्याच्या जळजळीचं संभाव्य कारण. वाचन पूर्ण."

"चुनखडी?" सारिका म्हणाली.

"खडू, ताई," डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या आणि शेवई बाहेर ओढू लागल्या. "पाच वर्षं तुम्ही दोघं खडू खाताय. तुमच्या पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या म्हणालात ना, अलीकडे कमी झाल्यात? त्या औषधानंच येतात. ते थांबलं म्हणून कमी झाल्या."

तिला वाटलं होतं, तिळाच्या तेलानं गुण आला.

पुडी ती आठवडी बाजारातल्या अण्णांकडून घ्यायची. पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे, काळी टोपी घालणारे अण्णा. पाच वर्षांपूर्वी ते वारले आणि जावई गादीवर बसला. पुडी एकदम पांढरी झाली, वास गेला. ती विचारायला गेली तर जावई म्हणाला, "मावशी, आता शुद्ध करून येतं." तिला आनंदच झाला होता. कल्हईवाला चांगला मिळाला असं तिनं नंदावहिनींना सांगितलंसुद्धा होतं.

रिक्षात बसल्यावर तिला पहिली गोष्ट सुचली ती ही की, नवरा मरणार नाही. ती मागे टेकून बसली. आणि चौक ओलांडेपर्यंत दुसरी गोष्ट सुचली, तेव्हा तिनं पुढची दांडी घट्ट धरली. मरणार नाही म्हणजे त्यांना अडवायलाही आत काही नाही. ते पितील, त्यांना छान वाटेल, आणि ते आणखी पितील. पाच वर्षं ती रात्री निर्धास्त झोपली होती, ती चिमूटभर खडूच्या जिवावर.

म्हणजे सांगायचं काय?

खोटं सांगितलं तर काम होण्यासारखं होतं. 'अहो, सकाळच्या आमटीत औषध आहे, ओठाला लावू नका, जीव जाईल.' डॉक्टर बाईंनी सरांच्या समोरच सांगितलं होतं काय होतं ते. सर घाबरले असते, उठले असते. उद्यापासून कुठूनतरी खरी पुडी आणता आली असती. आणि खरं सांगितलं तर त्यांची पाच वर्षं त्यांना परत मिळत होती, पण हातात भरलेला ग्लास असताना.

ती उतरली तेव्हाही तिचं ठरलेलं नव्हतं.

एस. टी. स्टँडमागची परमिट रूम दुपारच्या मानानं रिकामी होती. गल्ल्यावरचा शेट्टी तिला बघून घाईघाईनं उठला. "वहिनी, बरं झालं आलात. मी नाही म्हणत होतो हो. सरांनी गेल्या गणपतीत माझ्या दारात उभं राहून भाषण केलंय, माझे चार कायमचे लोक गेले. आता त्यांनाच कसं देऊ? पण ओरडले. म्हणाले, मी गिऱ्हाईक आहे."

सर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते, वर्गात बसावं तसे ताठ. समोर ग्लास. भरलेला. तिनं आधी ग्लासाची कड पाहिली. कोरडी होती. तेवढं बघायला ती चौदा वर्षांपूर्वी शिकली होती.

ती समोर बसली. तिच्या नाकातून पाणी गळत होतं, फवाऱ्यानं अर्धा चेहरा लाकडासारखा झाला होता.

"पदर लाव नाकाला," सर म्हणाले. मग ग्लासाकडे बघत, "अर्धा तास झाला बसलोय. हे उचलून प्यालो तर मरेन, म्हणून पीत नाही. बघ. याला संयम म्हणायचं का? माणसाला कुंपणावरची वीज दाखवली की तोही संयमी होतो. आजवर जे टाळ्या वाजवायला आले..." त्यांनी ग्लासावरून नजर काढली. "सकाळी घातलंस ना? आजही?"

हा तो क्षण. 'हो' म्हटलं की संपलं. ग्लास तसाच राहणार, ते घरी येणार, आणि उरलेला जन्म विजेच्या कुंपणात नीट जाणार.

"घातलं," सारिका म्हणाली.

सरांनी मान हलवली, पटल्यासारखी.

"पण खडू घातला," ती म्हणाली.

तिनं पदराच्या टोकात गुंडाळलेला तपासणीचा कागद काढून टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा लावला. एकदा वाचला. मास्तर माणूस, बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचला. बोट 'सुमारे पाच वर्षांपूर्वी'वर थांबलं.

"अण्णांच्या जावयानं फसवलं," सारिका म्हणाली. "मला आजपर्यंत माहीत नव्हतं. त्या खुर्चीत कळलं. तुमच्या पोटात काही नाही. हे प्यालात तर तुम्हाला काही होणार नाही."

शेट्टी गल्ल्यावर उगाच पावत्या चाळत होता.

"म्हणजे पाच वर्षं..." सर म्हणाले.

"तुम्हीच."

तिला वाटलं होतं, छाती फुगेल. वाटलं होतं, लगेच गुणाकार करून नवा आकडा सांगतील. पण सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, दवाखान्यात उतरला होता त्याहून जास्त. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"पाच वर्षं," ते म्हणाले, "मला धरून कुणीच नव्हतं? निरोप समारंभाला बाटल्या उघडल्या, माझ्या हाताशी होत्या. तुझा भाऊ वारला तेव्हा. ईशानीचं लग्न मोडलं त्या आठवड्यात. तेव्हा आत काहीच नव्हतं?"

"खडू होता."

"सारिका, मी पडलो असतो गं." त्यांनी ग्लास लांब सरकवला. "इतकी वर्षं भाषणं करत होतो, मला कधी भीती नाही वाटली. आत्ता वाटतेय. मला इथून उठव. मला इथे बसायची भीती वाटते."

तिनं त्यांच्या कोपराखाली हात घातला. दोघं एकमेकांना धरून उभे राहिले तेव्हा कोण कुणाला उठवतंय ते शेट्टीला सांगता आलं नसतं. त्यानं पुढे येऊन ग्लास उचलला आणि मोरीत ओतला.

घरी सर सरळ स्वयंपाकघरात गेले, शेल्फावरचे डबे एकेक करून उघडू लागले. हिंगाच्या डब्यामागे, जुन्या पावडरच्या डबीत, त्यांना ती सापडली. पांढरी, बिनवासाची. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. तीस वर्षं फळ्याशी उभं राहिलेल्या माणसाला ती चव ओळखायला वेळ लागला नाही.

"इतकं आवडीनं खाल्लं," ते म्हणाले.

"मी टाकते ते," सारिका पुढे झाली. "द्या इकडे."

सरांनी डबी मुठीत धरली. सोडली नाही.

"टाकू नकोस," ते म्हणाले. "असू दे सध्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा झाला. सारिकानं वाट पाहिली. सर कपाकडे बघत होते, आकडा सांगितला नाही. मग म्हणाले, "आज दिवसभर माझ्याबरोबर राहशील?"

"राहीन," ती म्हणाली, आणि आमटीला फोडणी देताना पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाठ केली नाही.